चुकलेलं समीकरण

डॉ. शैलजा कोष्टी चलन मंडळाच्या कार्यालयात चौथ्यांदा आल्या होत्या. देशाचे व्याजदर ठरवणारं यंत्र ज्या निबंधावर सर्वांत जास्त विसंबून होतं, तो त्यांनीच तीस वर्षांपूर्वी लिहिला होता.

"त्यातलं एक समीकरण चुकलंय," त्या म्हणाल्या. "व्याजदर वाढवला की छोट्या उद्योगांना थोडीशी झळ बसते, असं मी लिहिलं होतं. प्रत्यक्षात ते बुडतात. मी गेल्या वर्षी दुरुस्ती छापली आहे."

खानोलकर नावाच्या अधिकाऱ्यानं पडद्यावर नजर टाकली. "मॅडम, किती अभ्यासकांनी आधार घेतला, यावरून यंत्र संशोधनाचं वजन ठरवतं. तुमच्या निबंधाचा एकेचाळीस हजार जणांनी घेतलाय. दुरुस्तीचा एकानंही नाही."

"अहो, पण दोन्ही माझेच आहेत!"

"यंत्राला त्यानं फरक पडत नाही. आणि त्याचा निर्णय फिरवायचा अधिकार आता कोणालाच उरलेला नाही."

अकरा वाजता दर पुन्हा वाढला. शैलजाताई जिना उतरत होत्या, तेवढ्यात इचलकरंजीहून धाकट्या भावाचा, दिगंबरचा फोन आला.

"ताई, आज माग बंद केले. बावीस जणांना घरी पाठवलं. तानूबाई तर मागावरून उठायलाच तयार नव्हती. बातम्यांत सारखं तुझं नाव घेतात. तू सांगितलंस तर ऐकतील ना गं ते?"

शैलजाताई पायरीवरच बसल्या.

"दिगू," त्या कशाबशा म्हणाल्या, "ते माझंच ऐकतायत रे."