बदलीचं माणूस

"मॅडम, दहा मिनिटं थांबा. जखम उघडी आहे," सिस्टर मान वर न करता म्हणाली.

देणगी देणाऱ्या ट्रस्टची अधिकारी दारातच थांबली. तिच्या पिशवीत मंजुरीचं पत्र होतं आणि बातमी पोटात राहत नव्हती. पत्र टपालानं धाडता आलं असतं. पण सिस्टरचा चेहरा तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा होता.

खाटेवर म्हातारा शिंपी कुशीवर वळून पडला होता. डॉक्टरांनी हात टेकले त्याला पाच महिने झाले होते. सिस्टरनं त्याच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या, पट्टी बांधली, ओल्या कापसानं ओठ पुसले.

"मागच्या महिन्यात हे गेल्यातच जमा होते," शिंप्याची बायको अधिकारीबाईंना सांगू लागली. "तीन दिवस सिस्टर सकाळ-संध्याकाळ आल्या. पोटची पोर करणार नाही एवढं केलं."

"मी केव्हाचा निघालोय हो," शिंपी उशीत तोंड ठेवूनच म्हणाला. "पण सिस्टरना सुट्टी नाही, म्हणून मलाही नाही."

सगळे हसले. सिस्टरही हसली, जराशी उशिरा.

शेवटाला आलेल्या माणसांना घरी जाऊन सांभाळायचं, हे सिस्टरच्या संस्थेचं काम. ज्या डॉक्टरांनी ती काढली ते वारले आणि मागे उरले एक सिस्टर, एक ड्रायव्हर आणि अकरा घरं. दोन वर्षांपूर्वी सिस्टरनं ट्रस्टकडे अर्ज केला होता. त्यात मागणी एकच होती. बदलीचं एक माणूस द्या, म्हणजे महिन्यातून चार दिवस गावी जाता येईल. कारणाच्या रकान्यात तिनं 'घरगुती' एवढंच लिहिलं होतं.

त्या अर्जावर याच अधिकारीबाईंनी शेरा मारला होता. पगार हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे, त्यातून रुग्णांना थेट लाभ नाही. मग ट्रस्टनं हवेच्या गाद्या दिल्या. नवीकोरी गाडी दिली आणि तिच्यावर गल्लीच्या टोकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरात आपलं नाव रंगवून घेतलं. माणूस मात्र नियमात बसत नव्हतं.

पुढच्या वर्षी अधिकारीबाई पाहणीला आल्या तेव्हा सिस्टर अंगात ताप घेऊन जिने चढत होती. "आज विश्रांती का घेत नाही या?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"गाडीला एक चाक जादा असतं, मॅडम," ड्रायव्हर म्हणाला. "सिस्टरना कोण आहे?"

ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही. चार बैठकांमध्ये त्या एकट्या भांडल्या. पगार देऊन फोटो कसला काढणार, असं एका सभासदानं विचारलं. "फोटो निघत नाही, म्हणून कुणी देत नाही. म्हणूनच आपण द्यायचा," त्या म्हणाल्या. शेवटी नियम बदलला.

हात धुऊन सिस्टर खाली रस्त्यावर आली. गाडीला टेकून तिनं पत्र वाचलं. दोन नर्सचा पगार, पाच वर्षं. पैसा कुठे लावायचा ते संस्थेनं ठरवायचं, ट्रस्टनं नाही. तिनं पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं, नीट घडी घातली.

"फार चांगलं झालं, मॅडम," ती म्हणाली. "पुष्कळांचं भलं होईल."

ड्रायव्हरनं तोंड फिरवलं आणि स्वच्छ काच पुन्हा पुसायला घेतली.

अधिकारीबाई किंचित हिरमुसल्या. त्यांना वाटलं होतं, सिस्टर रडेल, निदान हात तरी धरेल. दमलेल्या माणसाला आनंदही लगेच पेलत नसेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

"आता माझा एक हट्ट आहे," त्या म्हणाल्या. "पहिली रजा तुम्ही घ्यायची. सोमवारपासून एक नर्स येतेय, मी स्वतः बोलून ठेवलंय तिच्याशी. नाही म्हणायचं नाही. तुमचा अर्ज मीच लिहिते, तुम्ही फक्त सही करा."

त्यांनी गाडीच्या बॉनेटवर वही उघडली. पेनाचं टोपण दातांत धरून दोन ओळी भराभर लिहिल्या.

"हं. किती दिवस?"

"दोन."

"दोनच? अहो, दोन वर्षांपासून रजा मागताय. चांगले पंधरा दिवस जाऊन या."

"दोन पुरले असते."

अधिकारीबाईंनी 'दोन' लिहिलं. त्या अजून हसतच होत्या. "बरं बाई, तुमचंच खरं. कधीपासून लिहू?"

सिस्टरनं वही आपल्याकडे वळवली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. दुकानात संपलेली वस्तू, तरीही एकदा विचारून पाहावी, तसं तिनं विचारलं.

"मागच्या महिन्याच्या बारा तारखेपासून लिहिता येईल का, मॅडम? बाराला आईनं बोलावलं होतं, चौदाला ती गेली."