गेनूआबांचा ट्रान्झिस्टर

कुसगावच्या गेनूआबांचा ट्रान्झिस्टर पुन्हा मुका झाला, तशी त्यांची स्वारी पुन्हा बौद्धवाड्यात. भिकाजी रेल्वेच्या सिग्नल खात्यात होता आणि सुटीच्या दिवशी घरी रेडिओ दुरुस्त करायचा. आबा उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. भिकाजीच्या बायकोनं, भागुबाईनं, पुढं केलेल्या पाण्याच्या तांब्याकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. त्या घरचं पाणी त्यांना चालत नव्हतं. बातम्या मात्र त्याच हातच्या चालत होत्या.

"भिक्या, तुजा डाग लय कच्चा," आबा गुरकावले. "घरी नेला की चार दिसांत बंद. काम येत न्हाई तर तसं सांग की!"

भिकाजीनं मागचं झाकण काढलं. तारा जोडणाऱ्या कथलाच्या डागांभोवतीचं तांबं हिरवं पडलं होतं. जुनं कथिल काढायला त्यानं स्टोव्हवर तापवलेली डाग द्यायची कय्या टेकवली. एरवी राळेचा धूर यायचा. आज असा उग्र भपकारा उठला की भागुबाईनं नाकाला पदर लावला.

"अगं बया, गोठ्याचा वास हितं कुठनं?"

आबा एकदम डोंगराकडं बघायला लागले.

भिकाजीनं वितळलेलं कथिल फुंकून उडवलं, नवे डाग दिले. मग मेणबत्ती पेटवून सगळ्या डागांवर सावकाश मेण ओतलं, झाकण लावलं आणि ट्रान्झिस्टर उंबऱ्यावर ठेवला.



"न्या, आबा. आता घरात घेताना गोमूत्र खुशाल शिंपडा."