पुन्हा वर

बाळांनो, डोळे मिटा आणि आठ वर्षांच्या गौराशेजारी विमानात बसा. खाली नांदेडची धावपट्टी, दुष्काळानं भेगाळलेली रानं. तापल्या वाऱ्यात विमान डगमगलं, तसा गौरानं आजोबांचा हात घट्ट धरला. चाकं टेकणार, तोच विमान पुन्हा आभाळात चढलं. दुसऱ्या खेपेला अलगद उतरलं. दाराशी आजोबा तरुण वैमानिक सिंधूवर कडाडले, “नव्या जिल्ह्याच्या मागणीची सभा खोळंबली माझी! पहिल्यांदाच का न्हाई उतरवलं?” “वेग जास्त होता, तोल नव्हता. अशा वेळी परत वर जायचं, हाच नियम.” “मी कोण हाय, ठाऊक हाय?” “हाव, आप्पासाहेब. उद्याही असंच झालं, तर वरच नेईन.” आजोबा गौराला ओढत जिना धडाधड उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर तिचा पाय लटपटला. तिनं हात सोडवला. “आजोबा, वेग लई हाय,” म्हणत ती परत वर चढली.