सूत्रं सोपवली

सोनाळ्याच्या भाजीपाला उत्पादक संघाची नवी अध्यक्ष झाली रुपाली. तिला चार शब्द सांगायला जुने अध्यक्ष तुळशीरामजी उभे राहिले, ते पाऊण तास बसायचं विसरले.

"पोरी, अडचणी लय येतील, पन कामाची संधीबी त्यातच असते. विरोधकाले आंधी चहा पाजजो, मंग त्याचं ऐकजो. आन् खुर्चीत जीव अडकवू नोको. मले पाय, कसा हसत सोडून राह्यलो!"

टाळ्या पडल्या. आपल्याच त्यागानं तुळशीरामजींचे डोळे भरून आले. अध्यक्षांच्या खुर्चीवरचा पांढरा टॉवेल मात्र त्यांनी घडी घालून काखेत मारला. तो घरचा होता, हे कुणी न विचारता दोघातिघांना सांगूनही झालं.

घरी येताच त्यांनी तो टॉवेल ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर नीट पसरला, ऐसपैस टेकले आणि आत बायकोला आवाज दिला, "अवं, पुढचा विषय घ्या!"



"भेंडी," सत्यभामाबाई आतून म्हणाल्या. "तोडाले चला. आन् थो टॉवेल संगं घ्या, डालं डोक्यावर घेतानी चुंबळीले कामी पडते."