हिरवं पाकीट

"पिवळं कसलं आणलंस गं? पिवळ्यानं यंत्र आणखी बिघडतं. हिरवंच हवं!" बाबा पुटपुटले. पेइचेन मुकाट्यानं कोपऱ्यावरच्या दुकानात पुन्हा जाऊन आली. मक्याच्या खाऊचं ते पाकीट, नावच त्याचं 'शहाण्यासारखं वाग'. बाबांनी तारीख उलटलेली नाही ना ते पाहिलं आणि यंत्रानं नीट वागावं म्हणून इथं सगळे ठेवतात तसं आपल्या किटल्यांच्या दुकानातल्या संगणकावर ठेवून दिलं.

व्हँकुव्हरला गेलेल्या तिच्या भावाचा, युनकाईचा, वर्षभरात एकही ईमेल आला नव्हता. दुकानाच्या त्याच ईमेल पत्त्यावर चहाच्या किटल्यांच्या ऑर्डरी मात्र रोज येत होत्या. तरी बाबांच्या समाधानासाठी पेइचेन दुकानाची मेल सांभाळणाऱ्या होस्टिंग कंपनीचं पॅनल उघडून बसायची. मेलपेटीची जागा वाढवून झाली, भावाचा पत्ता चुकून अडवला गेलाय का तेही बघून झालं. शेवटी तिनं स्पॅमची गाळणीच काढून टाकली, तर पेटीत नुसता कचरा येऊन पडला.

"पासवर्ड बदलून बघ," तिच्या खुर्चीमागे येरझाऱ्या घालत बाबा म्हणाले. "नाहीतर ती होस्टिंगवाली कंपनीच बदल. कुठंतरी काहीतरी अडकतंय."

पेइचेननं आईकडे पाहिलं. किटल्या पुसता पुसता आईचा हात थांबला.


"काही अडकत नाही हो. जाताना तुम्हीच बजावलंत त्याला, एक अक्षर लिहून पाठवू नकोस म्हणून. जन्मात पहिल्यांदा पोरानं तुमचं ऐकलंय."