एकच वाचक

ग्रंथालयाचा फोन बायकोसाठी आला. ती वारली हे त्यांना ठाऊक नव्हतं. वर्षभर कुणी वाचायला न मागितलेले प्रबंध ते रद्दीत काढणार होते. त्यात तिचाही होता. तो घरी आणायला पिशवी घेऊन गेलो. “काका, याला एकच वाचक होता,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “एक मावशी दर उन्हाळ्यात यायच्या. हाच मागवायच्या, तासभर उघडा ठेवायच्या, पान काही उलटायच्या नाहीत. ‘मावशी, डुलकी काढायला येता का?’ म्हणून मी चिडवायचे. त्यांच्यामुळेच हा कपाटात टिकला. यंदा फिरकल्या नाहीत.” “गळ्यात चष्म्याची दोरी?” मी विचारलं. “हो! ओळखता?” “माझी बायको. प्रबंध तिचाच.” घरी ती बँकेत जाते म्हणून सांगायची. बाईंनी प्रबंध पुढे केला. मला तो उचलून नेववेना. “राहू द्या. वाचायला मागितलाय, असं लिहा,” म्हणत खुर्ची ओढली.