शब्दांची घराणी

थेरपिस्ट बाईंनी पाण्याचा ग्लास समोर धरला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. सरांनी ग्लासाकडे नीट पाहिलं, घसा खाकरला आणि सांगितलं, “लाइट म्हणजे प्रकाश.” मग गाडी थांबेना. नाइट म्हणजे रात्र, फाइट म्हणजे मारामारी, साइट म्हणजे दृष्टी. उच्चार खणखणीत, मान ताठ. ओठ कोरडे पडले होते, पण पाणी हा शब्द काही त्या ओठांवर येईना.

अर्धांगाच्या झटक्यात सरांची बाकी सगळी भाषा वाहून गेली आणि मागे एवढंच उरलं. घराच्या बाहेरच्या खोलीत त्यांनी उभा जन्म इंग्रजीचे क्लास घेतले. त्यांची एक खास पद्धत होती आणि तिचा त्यांना भलताच अभिमान. ज्या शब्दांच्या पोटात सारखी अक्षरं, ते सगळे एका घराण्यातले. आय-जी-एच-टी हे त्यांचं लाडकं घराणं. मुलांकडून ते अर्थासकट इतकं घोकून घ्यायचे की मुलं पास व्हायची आणि इंग्रजीचा कायमचा धसका घ्यायची. या शब्दांनी कुणाशी चार गोष्टीही बोलता येतात, हे सरांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

बघायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. डोकं कसं शाबूत आहे बघा, अर्थसुद्धा सांगतात, असं म्हणत मेहुण्यांनी मान डोलावली. शेजारच्या वकिलांनी फोनवर रेकॉर्डिंग करून घेतलं. या कौतुकाच्या दिवसांतच सरांची दाढ ठणकत होती आणि ती दुखते एवढंही त्यांना सांगता येत नव्हतं. गाल टम्म फुगला तेव्हा कुठे घरात कळलं.

त्यानंतर मुलाने एक संस्था बघून ठेवली. अशा माणसांना तिथे कायमचं ठेवून घेत. आईला आता झेपत नाही, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता. आईला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. वडिलांनी तिला कधी काही विचारलेलं त्याने पाहिलंच नव्हतं, मग त्याला तरी कुठून सुचणार? आज थेरपिस्ट बाई आपलं मत देणार होत्या. सर स्वतःच्या मनातलं एखादं तरी वाक्य बोलले, तर घरीच ठेवून उपचार चालू राहणार. नाहीतर संस्था.

बाईंनी कंगवा दाखवला, चप्पल दाखवली, शेवटी मुलाकडे बोट दाखवून हा कोण म्हणून विचारलं. सरांनी घराण्याची पहिल्यापासून उजळणी केली.

“हे पाठांतर आहे,” बाई मुलाला हळूच म्हणाल्या. “बोलणं नाही.”

मुलाने चेहरा पाडला खरा, पण सुटल्याचा निःश्वास त्याला नीट लपवता आला नाही.

कोपऱ्यात सरांची बायको बसली होती. लग्नानंतर लगेचच एकदा तिने चारचौघांत एक इंग्रजी शब्द वापरला होता. सरांनी तिचा असा पाणउतारा केला की पाहुणे पोट धरधरून हसले. पुन्हा ती त्या वाटेला गेली नाही. हिच्या डोक्यात भुसा भरलाय, असं सर येणाऱ्याजाणाऱ्याला हसत सांगायचे आणि ती चहा ठेवायला आत जायची. हा माणूस आपल्याला कधी आवडला होता का, हे तिला आताशा आठवतही नव्हतं. पण तहान लागली तरी सांगता येत नाही अशा माणसाला परक्यांच्या हवाली करून यायचं, हे काही तिच्या मनाला पटेना.

ती उठली. खुर्ची उचलून तिने सरांच्या अगदी समोर ठेवली आणि बसली.

“अहो,” ती म्हणाली, “टाइट म्हणजे सैल.”

सरांची गाडी जागच्या जागी थांबली. कपाळावरची शीर तटतटली. ओठ नुसतेच हलले, पुन्हा हलले. आई, तुला त्यातलं काही कळत नाही, तू मध्ये पडू नकोस, असं मुलगा म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“एवढंही येत नाही तुला?” सर कडाडले.

थेरपिस्ट बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. हे वाक्य कुठल्याच घराण्यातलं नव्हतं. त्यात माया नव्हती, लाज तर मुळीच नव्हती. पण ते सरांचं स्वतःचं होतं आणि समोरच्या माणसाला बघून आलेलं होतं. बायकोचे डोळे भरून आले.

आता पुरे, बाबांना त्रास होतोय, असं म्हणत मुलगा पुढे झाला. बाईंनी त्याला हातानेच मागे सारलं.

क्लासच्या खोलीला लागूनच स्वयंपाकघर होतं. भिंतीपलीकडून उभा जन्म ऐकून ऐकून सरांची सगळी घराणी तिला अर्थासकट तोंडपाठ झाली होती, एकही शब्द चुकला नसता. तिने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं.

“ब्राइट म्हणजे काळाकुट्ट,” ती म्हणाली.